फळी दबली पाहिजे

आमच्या भागात कापूस किती पिकतो हे कोणाला सांगायला नको. हंगामात बैलगाड्यांची रांग जिनिंगच्या फाटकापासून पार बसस्टँडपर्यंत लागायची. तारांवर कापूस, बाभळीवर कापूस, माणसांच्या डोक्यावर कापूस. अशा गावातल्या मुलींच्या शाळेत सत्तरच्या दशकात मी व्यायामाची बाई म्हणून रुजू झाले, तेव्हा मुली कोलांट्या मारत होत्या त्या शहाबादी फरशीवर. वर अंथरलेली एक सतरंजी, तीही मधोमध फाटलेली. पहिल्याच दिवशी एका मुलीची हनुवटी फुटली आणि बाकीच्या मुली रक्त पुसायला इतक्या सराईतपणे धावल्या की मला कळलं, हे इथं रोजचंच आहे.

"शाळेत गाद्या नाहीत का?" मी विचारलं.

होत्या. काथ्याच्या दोन चांगल्या जाड गाद्या होत्या, पण त्या कुलपात होत्या. का, तर बाहेर काढल्या की खराब होतात. वर्षातून एकदा स्नेहसंमेलनाला त्या निघायच्या, त्यावर मुली पाहुण्यांसमोर चार उड्या मारायच्या, की गाद्या झटकून पुन्हा कुलपात. उन्हाळ्यात मात्र त्यांना सुट्टी नसायची. शाळेच्या हॉलमध्ये लग्नाचा जानवसा उतरायचा आणि नवरदेवाकडच्या म्हाताऱ्या माणसांना लोळायला म्हणून त्या गाद्या जायच्या. मुलींच्या पायाखाली आल्या असत्या तर खराब झाल्या असत्या. वऱ्हाडी मंडळींच्या पानाच्या पिचकाऱ्यांनी, हळदीनं आणि मठ्ठ्यानं त्या बहुतेक मजबूत होत असाव्यात.

वर्ध्याहून देवळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं ते गाव. गाव वाईट नव्हतं. मुलींना कोलांट्या मारू देणारं गाव त्या काळात किती सापडलं असतं, हेही मी जाणून आहे. पण पडणं, मोडणं, मुरगळणं याबद्दल सगळ्यांचं एकच मत होतं, की सवय होते. मनगट सुजलं, आंबेहळद लावा, सवय होते. टाच दुखते, दोन दिवस लंगडेल, सवय होते. मी भांडून त्या दोन गाद्या कुलपातून काढल्या आणि शेजारी शेजारी मांडल्या, तर दोहोंमधल्या फटीत आठवड्याभरात एकीचा घोटा अडकून मुरगळला. तिची आई मला समजवायला आली. म्हणाली, "जाऊ द्या ना बाई, तुमी काऊन एवढ्या तरास करून राह्यल्या? पोट्टी हाय, पडनच."

मला त्रास होत होता तो याच समजूतदारपणाचा.

शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष गावातले मोठे शेतकरी होते, त्यांची स्वतःची जिनिंग होती. सगळं गाव त्यांना काकाजी म्हणायचं, मीही म्हणायची. धोतर, बंडी, वर काळी टोपी, आणि मुलींच्या शाळेसाठी वाटेल ते करायची तयारी. माणूस मनानं इतका चांगला की त्यांच्यावर नीट रागावताही यायचं नाही, आणि हीच माझी सगळ्यात मोठी अडचण होती. मी त्यांच्या अंगणात गेले आणि त्यांना समजावून सांगितलं. म्हटलं, काकाजी, मडकं फरशीवर टाकलं तर फुटतं, कुटाराच्या भुसभुशीत ढिगावर टाकलं तर फुटत नाही. मुलगी उंचावरून खाली येते तेव्हा तो दणका कुठंतरी जायलाच हवा. जमिनीनं घेतला नाही तर तो गुडघ्यात जातो, कमरेत जातो.

काकाजींचे डोळे चमकले. "एवढंच ना? मंग कापूस टाकू ना बाई! आपल्या घरी का कमी हाय?"

मला वाटलं, झालं काम.

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या जिनिंगमधली सरकी काढलेली पांढरीशुभ्र रुई शाळेच्या व्हरांड्यात येऊन पडली. पिंजारी आला. दोन दिवस त्याच्या धनुकलीच्या तालावर आमचे वर्ग भरले आणि सुटले. आणि जी गादी तयार झाली ती काय सांगावी! लेकीच्या लग्नात बापानं द्यावी तशी, कंबरेएवढी फुगलेली, लालभडक छिटाची खोळ घातलेली. मुलींनी तिच्यात उड्या घेतल्या आणि त्या दिसेनाशा झाल्या. काकाजी स्वतः चप्पल काढून तिच्यावर आडवे झाले आणि डोळे मिटून म्हणाले, "बाई, झोप याले लागली."

"तेच तर," मी म्हटलं. "ही झोपायची गादी आहे, उडायची नाही."

पायाखालची जमीन मऊ असणं आणि सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी पुढची दोन वर्षं सांगत होते. इतक्या मऊ गादीत पाय रुततो, रुतलेला पाय वळतो आणि अंग पुढं जातं. शिवाय कापूस तो कापूसच. महिन्याभरात त्याचे गोळे झाले. इथं टेंगूळ, तिथं खड्डा, नांगरलेल्या वावरासारखं. मी तक्रार केली तर काकाजींचा चेहरा पडला. "आमच्या कापसाले नावं ठेवता काय बाई?" गावभर झालं, की व्यायामाची बाई गावच्या कापसाला नावं ठेवते. भाजीवाली मला भाजी देताना तोंड फिरवायची. एक गृहस्थ मुद्दाम घरी आले आणि आपल्या रुईचा धागा किती लांब असतो ते मला अंगठा आणि तर्जनीत ताणून दाखवून गेले. मी कपाळावर हात मारून घेतला. धाग्याच्या लांबीचा आणि मुलीच्या घोट्याचा काय संबंध, हे विचारण्याचं त्राणही माझ्यात उरलं नव्हतं.

याच सुमारास ती मुलगी पाचवीत आली. तिची आई जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची, वडील सेलूकडं रस्त्याच्या कामावर असायचे. पोर आईबरोबर जिनिंगमध्ये वाढलेली. भरलेल्या गाडीच्या माथ्यावरून खालच्या कापसाच्या ढिगात उलटी उडी घ्यायचा तिचा खेळ. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते तिथंच. हवेत ती जराही घाबरलेली नव्हती. गाडीवान शिव्या देत होते आणि ही कपडे झटकत पुन्हा चाकावर पाय देऊन वर चढत होती. मी तिला शाळेत गाठलं आणि म्हटलं, उद्यापासून सकाळी हॉलमध्ये ये. ती म्हणाली, "येतो बाई, पण तिथं तं फरशी हाय."

मला हे गावात पहिल्यांदा कोणीतरी आपणहून म्हटलं होतं. त्या मुलीला काय शिकवावं लागलं, असं विचाराल तर फार थोडं. हात कुठं टेकायचा, मान कशी आत घ्यायची, दोन्ही पाय एकदम कसे आणायचे. बाकी सगळं तिच्या अंगातच होतं. नववीत गेली तेव्हा ती पळत येऊन हातांवर दोनदा पालटून पुढं हवेत पूर्ण गिरकी घ्यायची. नागपूरला विभागाची निवड व्हायची, तिथून पुण्याला राज्याच्या स्पर्धेला जायचं. तिथं उड्यांसाठी लवचीक फळ्यांचं खरं मैदान असतं, उडणाऱ्याच्या पायाखाली उचल देणारं, हे मी तिला सांगून ठेवलं होतं. ती अधूनमधून विचारायची, "बाई, ते फळी खरंच वर फेकते काय?" तिला बक्षिसाचं फारसं नव्हतं. तिला त्या फळीवर एकदा उडायचं होतं. आणि मला तिचे गुडघे शाबूत ठेवून तिला तिथवर न्यायचं होतं. माझं त्या वर्षांतलं सगळं भांडण, सगळी चिडचिड याच एका गोष्टीसाठी होती.

ते खरं मैदान मी स्वतः पुण्यात पाहिलं होतं, मदतनीस म्हणून गेले होते तेव्हा. स्पर्धा संपल्यावर सगळे चहाला गेले आणि मी साडी खोचून जमिनीवर पालथी पडले, खालच्या फटीतून आत काय आहे ते बघायला. एक संयोजक धावत आला, त्याला वाटलं बाईंना फेफरं आलं. मी त्याला म्हटलं, गप उभा राहा आणि बॅटरी धर. खाली रबराचे ठोकळे, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर लोकर दाबून केलेला घट्ट नमदा आणि सगळ्यावर एकसंध जाजम, कुठं फट नाही. म्हणजे वरून टणक आणि खालून लवचीक. आमच्या गावानं नेमकं उलटं केलेलं, वर कापूस आणि खाली दगड.

मग ती नववीत असताना दिवाळीच्या सुटीत मी ते शाळेत करायला घेतलं. ट्रकचे जुने टायर आणले, ते कापून हातभर लांबीचे तुकडे केले. जिनिंगच्या जुन्या शेडच्या फळ्या काकाजींनी दिल्या. त्या फळ्यांच्या चौकटी टायरच्या तुकड्यांवर मोकळ्या बसवायच्या, वर त्या काथ्याच्या गाद्या उसवून त्यांचा सपाट थर, त्यावर पातळ आणि घट्ट टाचलेली कापसाची दुलई, आणि सगळ्यावर तंबूचं कापड एका ओढीत ताणून. कापूस वापरला म्हणून गावही खूष.

खूष नव्हता तो सुतार. गावातला नावाजलेला मिस्त्री, निम्म्या गावाच्या घरांची दारं त्यानं बसवलेली. फळीवर पाय दिला आणि ती दबली, की त्याचा जीव वरखाली व्हायचा.

"बाई, हालते ना हे!"

"हलायलाच पाहिजे मिस्त्री."

"हालणारं काम मी आजवर केलं नाई. लोकं म्हणतीन, मिस्त्रीचा हात गेला."

मी पाणी प्यायला उठले तरी हा तेवढ्यात एखादी पाचर ठोकून ठेवायचा. मी येऊन काढायची. तो पुन्हा ठोकायचा. सगळी सुटी मी त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसले, घरी फराळाचं काय झालं देव जाणे. शेवटच्या दिवशी त्यानं मला बजावलं, "हे मी केलं असं कोणाले सांगजा नोका." मी कबूल केलं आणि त्याची पाचरांची पिशवी जप्त करून कपाटात टाकली.

पण ते मैदान झालं! मुलींच्या टाचा दुखायच्या थांबल्या. मनगटाला फडकी बांधून येणाऱ्या मुली फडकी सोडून यायला लागल्या. आणि ती? पहिल्या दिवशी ती नुसती मधोमध उभी राहून टाचांवर वरखाली करत राहिली. मग पळत आली, उडाली, उतरली. फळी दबली आणि वर आली. ती वळून इतकी हसली की मीही सगळ्यांसमोर मोठ्यानं हसले. मी तिला एक नवी गोष्ट शिकवली. फरशीवर उतरताना ती अंग चोरून, गुडघे आधीच सावध ठेवून उतरायची. मी म्हटलं, तसं करू नको आता. पूर्ण ये. फळीवर सोपव, ती घेईल. हे शिकायला तिला दोन महिने लागले, कारण ज्याला पडण्याची सवय असते त्याला सोपवणं जमत नाही. पण शिकली. त्या हिवाळ्यात ती जशी उतरायची तसं उतरताना मी नंतर कोणाला पाहिलं नाही.

मग स्नेहसंमेलन आलं.

आमचं मैदान जमिनीपासून हातभर उंच होतं. हातभर उंच जागा दिसली की आपल्याकडं तिच्यावर पाहुणे बसवतात. मी विरोध केला, पण ऐकतो कोण? "बाई, आता एवढं चांगलं स्टेज असताना पाव्हण्याले खाली बसवू काय?" तंबूच्या कापडावर गालिचा आला, गालिच्यावर सोफासेट आला, आणि सोफासेटवर प्रमुख पाहुणे आले. देहानं भारदस्त होते. ते टेकले तशी फळी त्यांच्या बाजूनं दबली आणि शेजारी बसलेले काकाजी अलगद वर उचलले गेले. सत्कारासाठी पाहुणे उठले तर काकाजी खाली. नारळ हातातून सुटला आणि गडगडत मुलींच्या रांगेत गेला. शाल घालायला काकाजी पुढं झाले तर पाहुण्यांचा तोल गेला आणि दोघं एकमेकांना धरून, कुस्तीला उभे राहिल्यासारखे, काही क्षण डुलत राहिले. मुली फिदीफिदी हसत होत्या. मला तर हसू आवरेना, मी खांबामागं तोंड लपवलं.

काकाजींना ते फार लागलं. पाहुण्याला आपल्या शाळेत नीट उभं राहता आलं नाही, यापेक्षा मोठी नामुष्की त्यांच्या लेखी नव्हती. मी त्यांना दुसऱ्या दिवशी म्हटलं, काकाजी, ते माणसं बसवायला नाही, मुली उतरायला आहे. ते हो हो म्हणाले. मला वाटलं, कळलं.

निवड तोंडावर आली होती. मला पंचांच्या वर्गासाठी काही दिवस नागपूरला जावं लागलं. मुलींना सांगून गेले की मी येईपर्यंत खाली फरशीवर फक्त अंग मोकळं करायचं, मैदानावर उड्या नाहीत. तीही "हाव" म्हणाली, आणि तिनं ते पाळलंही.

मी परत आले तेव्हा बसस्टँडवर माझ्या चार मुली उभ्या होत्या. एस.टी. थांबायच्या आधीच त्या रडायला लागल्या. काकाजींकडे पाहुणे आले होते, त्यांच्या मुलाला मुलगी द्यायला निघालेली सोयरे मंडळी. जेवणं झाली, पान झालं, आणि काकाजी मोठ्या कौतुकानं त्यांना शाळा दाखवायला घेऊन आले. हॉलमध्ये ती होती. काकाजी म्हणाले, "पोरी, पाव्हण्याले ते उडी दाखव बरं." ती म्हणाली, बाई नाई म्हणून गेल्या. काकाजी म्हणाले, मी सांगतो ना. आता अध्यक्ष सांगतात, घरचे पाहुणे समोर उभे आहेत, आणि तिची आई त्यांच्याच जिनिंगमध्ये कामाला. ती काय करणार? तिनं ओढणी कमरेला बांधली आणि पळत आली.

मी तशीच वर्ध्याला दवाखान्यात गेले. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलेलं. गुडघ्याच्या आतले बंध तुटले होते. डॉक्टर म्हणाले, चालेल, पुढं कदाचित पळेलही. उड्या नाही. आई पायथ्याशी बसलेली, तिच्या केसात अजून कापूस होता. मुलीनं मला पाहिलं आणि रडण्याऐवजी घाईघाईनं विचारलं, "बाई, मी बरोबर आलती ना? दोन्ही पाय संगच टेकले. वाकली नाई. मंग मी वाट पाह्यली, आता फळी दबन, आता दबन. दबलीच नाई."

"बरोबर आली होतीस," मी म्हटलं. ती कशी आली ते मी पाहिलंही नव्हतं, पण मला माहीत होतं.

गावात तोवर निकाल लागलेला होता. टायरच्या फळीनं पोरगी पाडली. सांगितलं होतं बाईंना, हालणारं काम चांगलं नसते. पोरींनी उड्या माराव्याच कशाला. संस्थेची सभा बसली ती फळ्या उचलून भजनी मंडळाला देऊन टाकायच्या, हे ठरवायला. सभेला जायच्या आधी मी हॉलमध्ये गेले आणि मैदानावर पाय दिला. टाच आपटली. दगडावर आपटावी तशी कळ गुडघ्यापर्यंत आली. मी कडेचं तंबूचं कापड ओढून फाडलं, चौकट उचलली. खाली टायरचे तुकडे जसेच्या तसे होते. आणि त्यांच्या मधल्या सगळ्या जागेत, फळीला भिडेपर्यंत, मुरूम भरलेला होता. पाणी मारून, धुमसानं ठोकून ठोकून बसवलेला, घराची जोती भरतात तसा.

मी मुरमाचं एक ढेकूळ नेऊन सभेच्या टेबलावर ठेवलं. "हे कोणी केलं?"

"मी केलं," काकाजी लगेच म्हणाले. लपवण्यासारखं त्यांना त्यात काही वाटतच नव्हतं. "तुमी गेलत्या ना नागपूरले, मंग रविवारी शाळा बंद असताना मिस्त्रीले लावलं. सोयरे येणार होते, म्हटलं पुन्हा हालाले नको. चांगला सेलूकडचा मुरूम आणला बाई. आणि तुमचे टायर नाई काढले, ते हायेतच आत."

टायर आहेतच आत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या सभेत जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. वयाचा मान, अध्यक्षपदाचा मान, काही ठेवला नाही. एवढं आठवतं की मी ओरडून सांगत होते, तुम्ही जमीन पक्की केली आणि तो दणका तिच्या गुडघ्यात गेला, तिला मी सोपवायला शिकवलं होतं, फरशीवर असती तर ती सावध उतरली असती. सभासद माझ्याकडं वेडी झालेल्या बाईकडं बघावं तसे बघत होते. काकाजींचं तोंड हळूहळू उघडत गेलं. "पण मी तं मजबूत केलं होतं," ते दोनदा म्हणाले.

मुरूम त्यांनी माणसं लावून काढून दिला. नवं कापड दिलं. दवाखान्याचं सगळं केलं. माझी नोकरीही गेली नाही. आणि तरी मैदान तसंच पडून राहिलं, कारण एकही मुलगी त्याच्यावर चढायला तयार नव्हती. मी स्वतः त्याच्यावर चालून दाखवलं, उडून दाखवलं. त्या भिंतीला टेकून उभ्या राहायच्या आणि आपल्या पायांकडं बघायच्या. नागपूरची निवड येऊन गेली. पुण्याला कोणीतरी दुसरी गेली.

प्लास्टर निघाल्यावर ती काठी टेकत शाळेत आली. त्या दिवशी काकाजीही आले होते. हल्ली ते हॉलच्या दारापाशी येऊन उभे राहायचे, आत यायचे नाहीत. तिनं त्यांच्याकडं पाहिलं. मग मैदानाकडं बोट केलं.

"काकाजी, तुमी उडा."

एवढ्याशा पोरीनं त्यांना असं सांगितलेलं गावानं कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं ते निघून जातील. त्यांनी चप्पल काढली. टोपी काढून माझ्या खुर्चीवर ठेवली. धोतराचा सोगा खोचून ते मैदानाच्या मधोमध गेले आणि लहान मुलानं डबकं ओलांडावं तशी बारीकशी उडी मारली.

"जोरानं," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा मारली. या वेळी अंगातलं सगळं वजन टाकून. फळी करकरत खाली गेली, वर आली, आणि काकाजी धपकन बसले. कोणी हसलं नाही. त्यांनी दोन्ही तळहात आपल्या बाजूंना टेकवले आणि फळी दाबून पाहिली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"हे तं खाली जाते वो," ते म्हणाले.

"हाव," ती म्हणाली. "तसंच जाले पाहिजे." मग भिंतीजवळच्या पाचवीसहावीच्या मुलींकडं वळली. "चला आता. मी पाहून राह्यली."

पहिली मुलगी निघाली. काठी बाजूला ठेवून ती खाली मैदानाच्या कडेला बसली, दुखरा पाय सरळ पसरून, आणि उतरणाऱ्या पायांकडं टक लावून बघायला लागली. काकाजी अजून मधोमध बसले होते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांना उठता येत नव्हतं.

"बाई, हात द्या जरा," ते म्हणाले.

मी हात दिला नाही. मुलींना ओरडून सांगितलं, काकाजींच्या बाजूनं पळा, थांबू नका.